शनिवारी समुद्र तळ्यासारखा

समुद्र पुढच्या आठवड्यात काय करणार आहे, हे समुद्राच्या आधी मला कळतं! हे मी नाही म्हणत, कवाई बेटाचा सगळा उत्तर किनारा म्हणतो. निदान त्या शनिवारपर्यंत तरी म्हणायचा.

मी मेल्विन पाचेको. शाळेची बस चालवतो. आणि दर सोमवारी, बस काढायच्या आधी, घराच्या व्हरांड्यात कॉफीचा मग घेऊन बसतो आणि फोनवरून आमच्या चिमुकल्या रेडिओवर आठवड्याचा अंदाज सांगतो. वारा कुठून येणार, पाऊस कोणत्या दरीत अडकणार, लाटा केवढ्या. कोळी माझं ऐकून जाळी काढतात, बायका माझं ऐकून चादरी धुतात. एकदा मी चुकून बुधवारी कोरडं राहील म्हणालो, तर मंगळवारपासून कोसळणारा पाऊस बुधवारी सकाळी बंद पडला! आता बोला!

लाटांबद्दल एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी. बाकीचं जग लाट समोरून मोजतं. आम्ही मागून मोजतो. मागून पाहिली की लाट निम्मीच दिसते. म्हणजे सरकारी हवामानवाले सोळा फूट म्हणाले, की आम्ही आठ म्हणणार. का? तर बापजादे म्हणत आले म्हणून! शिवाय आमच्याकडे लाट मोठी होती असं सांगणारा माणूस बढाईखोर समजला जातो. माझा एक चुलतभाऊ घराएवढ्या लाटेखाली सापडला, लाटेवर स्वार व्हायच्या फळीचे दोन तुकडे झाले, खांदा निखळला. दवाखान्यात मी विचारलं, "केवढी होती रे?" तर म्हणाला, "होती थोडीशी."

तर त्या शनिवारी माझ्या नातीचा, पुआचा, पहिला वाढदिवस होता. आमच्याकडे लग्न साधं झालं तरी कुणी नावं ठेवत नाही, पण मुलाचा पहिला वाढदिवस साधा होऊन चालत नाही. सगळा गाव जेवायला येतो. जमिनीत भट्टी खणून त्यात अख्खं डुक्कर केळीच्या पानांत गुंडाळून पुरतात, ते पहाटेपासून दुपारपर्यंत शिजतं. आणि यंदा तर जावयाचे आईवडीलही थेट नेब्रास्काहून यायचे होते. मक्याची शेती करणारी माणसं, समुद्र त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिलेला.

प्रश्न एवढाच होता, की जेवण कुठे घालायचं? माझ्या बायकोने, मोमीने, टेकडीवरच्या चर्चचा हॉल धरून ठेवला होता. किल्लीसुद्धा आणली होती. पण मन तिचं तिथे नव्हतं.

"मेल," ती रविवारी संध्याकाळी म्हणाली, "माझा पहिला वाढदिवस खाली वाळूवर झाला होता. बाबांनी मला उचलून माझे पाय पाण्याला लावले होते. पुआचे पण लागावेत, असं फार वाटतंय रे."

"मग लावू की!"

"हिवाळा तोंडावर आलाय. समुद्र उठला तर? त्या वाळूवर आता बाबा नाहीत, घर नाही, काहीच नाही. हा एक दिवस तरी तिथे व्हावा. पण तो बुडाला तर मला नाही सोसायचं. तू सांग. तुझा अंदाज काय?"

मंडळी, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईने माझा अंदाज कधी विचारला नव्हता! चादरी ती शेजारच्या आंटीला विचारून धुते. मी छाती पुढे काढली आणि म्हणालो, "उद्या रेडिओवर ऐक. मी जे सांगेन त्यावर डोळे मिटून विश्वास ठेव."

आणि आनंदाच्या भरात खुर्चीत बसलो, तो माझ्याच चष्म्यावर.

चष्मा करायचा म्हणजे लिहुए शहराला जायला हवं, आणि तिथला माणूस आठवडा घेतो. त्यामुळे सोमवारी सकाळी सरकारी अंदाज मला काही वाचता येईना. आकडे नुसते मुंग्यांसारखे वळवळत होते. मी जावयाला हाक मारली.

जावई ट्रेव्हर मोठा गुणी मुलगा. नेब्रास्काचा असल्यामुळे त्याचं नाक बारा महिने सोललेलं असतं, एवढाच काय तो दोष. इथे आला त्या पहिल्या महिन्यात किनाऱ्यावर उभं राहून हा ओरडला होता, "बापरे! दहा फूट!" त्यावर लोक इतके हसले, की सहा महिने त्याला 'दहा फूट' म्हणूनच हाक मारत होते. दुकानात पाव घ्यायला गेला तरी, "काय दहा फूट, काय देऊ?" तेव्हापासून तो लाटेबद्दल अवाक्षर काढत नाही.

"वाच रे जरा," मी म्हणालो. "मंगळवार?"

"एक, डॅड."

"गुरुवार?"

"काहीच नाही. सपाट."

"आणि शनिवार?"

त्याने फोनकडे पाहिलं, जरासा थांबला आणि म्हणाला, "आठ."

आता नेब्रास्काचा माणूस आकडा वाचणार तो जसाच्या तसा, नाही का? मी मनातल्या मनात आठाचे निम्मे केले आणि रेडिओवर दणक्यात सांगितलं, "अलोहा, उत्तर किनारा! आठवडाभर वारा मंद, पाऊस फक्त वरच्या दरीत, आणि शनिवारी लाटा चार! फक्त चार!"

आमच्या मापाने चार म्हणजे त्या वाळूवर काळजी नाही. पाणी अर्ध्या उतारापर्यंत येतं आणि परत जातं, झाडांपर्यंत पोचत नाही. मी निश्चिंत मनाने बस काढली.

दुपारी मोमी म्हणाली, "ठरलं! वाळूवर!" आणि ती चर्चची किल्ली परतसुद्धा करून आली. बायकांनी बायकांना फोन केले, हॉल नाही, वाळूवर या. मला कुणी कशाबद्दल काही विचारलं नाही. अंदाज एकदा मानला, की विचारायचं काय?

मंगळवारी शेजारचा डस्टिन भेटला. हा घरांची छपरं घालतो, पण समुद्र उठला की छप्पर अर्धं सोडून फळी घेऊन पळतो. मला पाहून त्याने डोळा मारला.

"अंकल, शनिवारी चार ना?"

"चार!"

"नक्की चार?"

"अरे, म्हटलं ना चार!"

तो पोट धरून हसला. "अंकल, तुम्ही फार चलाख हो! मानलं तुम्हाला!"

माझ्या अंदाजाचं असं मोकळं कौतुक करणारी तरुण माणसं आता राहिली नाहीत, असं मला वाटलं. बुधवारी पेट्रोल पंपावर आणखी दोघांनी माझ्याशी हात मिळवला. एकाने तर हळूच कानात सांगितलं, "दक्षिणेकडच्या लोकांना अजिबात पत्ता लागलेला नाही, अंकल." कसला पत्ता, ते मी विचारलं नाही. मोठ्या माणसाने सगळंच विचारत बसू नये.

आणि समुद्र म्हणाल, तर माझ्या शब्दाबाहेर जात नव्हता! गुरुवारी वारा पडला. शुक्रवारी तर पाणी असं निपचित पडलं होतं, की परातीत ओतून ठेवल्यासारखं. कासव श्वास घ्यायला वर यायचं तेवढाच काय तो आवाज. मी व्हरांड्यात उभा राहून मोमीला म्हणालो, "बघितलंस? तळं!"

"हो रे," ती म्हणाली आणि चक्क माझ्या खांद्यावर हात ठेवला.

समोरच्या घरात डस्टिन फळीला मेण लावत बसला होता. तिथूनच ओरडला, "अंकल, उद्या!"

"हो, उद्या!" मीही ओरडलो. "भरपूर जेवून जा!"

शनिवारी पहाटे मोमी आणि तिचा भाऊ किनाऱ्यावर गेले. या भावाचं नाव बॉय. वय पासष्ट, पोट माझ्या बसएवढं, पण लहानपणी पडलेलं नाव पडलंच. गावातलं कुठलंही डुक्कर बॉयच्या भट्टीशिवाय शिजत नाही. मी मात्र विमानतळावर गेलो, ट्रेव्हरच्या आईवडिलांना आणायला. व्हर्नन आणि आर्डिथ. दोघंही इतकी अदबशीर, की बसमध्ये चढतानासुद्धा पाय पुसून चढली. हो, मी बसच घेऊन गेलो होतो. परवानगीचं नंतर बघू म्हटलं.

किनाऱ्यावर पोचलो, चष्म्याविना डोळे बारीक करून पाहिलं, आणि जागीच थांबलो.

बॉयची भट्टी झाडांखाली नव्हती. वाळूच्या ऐन मध्यावर होती! त्यावर ओली पोती टाकलेली, वाफ निघत होती. आणि मोमीची टेबलं तर त्याच्याही खाली, अगदी पाण्याच्या कडेला! पांढऱ्या चादरी, टी नावाच्या झाडाची लांबट पानं, पोईचे म्हणजे अळकुड्यांच्या लगद्याचे वाडगे, सॅमन माशाची कोशिंबीर, नारळाच्या वड्या आणि मधोमध पेरूचा तीनमजली गुलाबी केक. पाय पाण्यात सोडून जेवता येईल असा सगळा थाट होता.

चार फुटांच्या हिशोबाने ही टेबलं जरा खालीच होती, हे मला कळत होतं. पण माझ्या मनात काय आलं सांगू? आलं, की हिने माझ्या शब्दावर केवढा विश्वास ठेवला! तोही मी सांगितला त्याहून जास्त! माझे डोळे भरून आले. आता 'जरा वर घ्या' म्हणून तो विश्वास मोडायचा? छे!

ट्रेव्हर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. चुळबुळत म्हणाला, "डॅड, टेबलं... जरा खाली नाहीत ना?"

"बाळा, तू नेब्रास्कात किती वेळा समुद्र पाहिलास?"

"एकदाही नाही."

"मग?"

"नाही, बरोबर आहे," तो म्हणाला. 'दहा फूट' त्याच्या लक्षात होतं.

लोक आले. आंट्या आल्या, त्यांच्या मागून त्यांच्या छोट्या गिटारीसारख्या उकुलेल्या आल्या. माझ्या मुलीने पुआला फुलांची माळ घातली, ती पुआने लगेच खायला घेतली. मोमी तिला कडेवर घेऊन पाण्याच्या कडेला उभी राहिली आणि मला म्हणाली, "चल, आता पाय लावू या. फोटो काढ."

तेवढ्यात व्हर्नन अगदी अदबीने म्हणाले, "मेल्विन, ती तिकडची रेघ तशीच असते का?"

"कुठली रेघ?"

"ती लांबवर. जाड होत चाललीय ती."

मला चष्म्याविना काही दिसेना. पण टोकाच्या खडकावर फळ्या घेतलेल्या पोरांची ही गर्दी जमली होती, आणि डस्टिनची आनंदाची आरोळी मात्र मला स्वच्छ ऐकू आली.

पहिली लाट लांबवर फुटली. तिचं पाणी वाळूवरून शांतपणे, घाई न करता, टेबलांखाली आलं. सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत भिजले. आंट्या म्हणाल्या, "अगं बाई, किती छान!" आर्डिथ तर टाळ्या वाजवायला लागली. तिला वाटलं, कार्यक्रमातलंच आहे.

दुसरी गुडघ्यापर्यंत आली. टेबलं उचलली गेली. पडली नाहीत हं, उचलली गेली. पांढऱ्या चादरींसकट अशी अलगद तरंगायला लागली, की कुणाला ओरडायचंही सुचेना. पोईचे वाडगे एकामागून एक समुद्राकडे निघाले. केक ताठ उभा राहून त्यांच्या मागून गेला.

"केक!" मोमी ओरडली.

"डुक्कर!" बॉय ओरडला, कारण तिसरी लाट सरळ भट्टीत शिरली होती. असा फुत्कार झाला, की गवतावरच्या कोंबड्या गावात पळाल्या! वाफेचा एक ढग उठला आणि त्यात बॉय दिसेनासा झाला. नुसता आवाज येत होता, "माझं डुक्कर! अरे, माझं डुक्कर!"

आणि पुआ? आजीच्या कडेवर कंबरभर पाण्यात हात आपटत खदखदा हसत होती! पाय लागले, पोट लागलं, सगळंच लागलं.

पुढचं सगळं त्या पोरांनी केलं. खडकावरून पाहिलं, तर वाढदिवस समुद्रात निघालेला! त्यांना वाटत होतं, जेवण वर हॉलमध्ये आहे. बायकांचे फोन बायकांना गेले होते, या पठ्ठ्यांपर्यंत कोण पोचवणार? हिवाळ्यातल्या पहिल्या मोठ्या लाटा सोडून ती वीस-पंचवीस पोरं किनाऱ्यावर परतली. यातला त्याग तुम्हाला कळायचा नाही. फळ्यांवर पोई, फळ्यांवर कोशिंबीर, फळ्यांवर दोन आंट्या! केकचा वरचा मजला डस्टिनने डोक्यावर धरून आणला. बॉयने खाऱ्या चिखलातून डुक्कर उपसलं आणि चौघांनी ते सर्वांत लांब फळीवर घालून, खांदा देऊन, टेकडी चढवलं. मागून आम्ही सगळे ओले. बघणाऱ्याला वाटलं असतं, कुणीतरी थोर माणूस गेला.

चर्चची किल्ली परत मिळाली. डुक्कर तोवर शिजलेलंच होतं. बॉयने भीतभीत एक घास घेतला आणि म्हणाला, "मीठ घालायला नको."

पोरं तुटून पडली. उकुलेल्या पुसून वाजायला लागल्या. पण मोमी हॉलच्या पायरीवर ओल्या केसांनी पुआला घेऊन बसली होती आणि खाली त्या वाळूकडे पाहत होती. तिथे आता नुसता फेस होता. मला फार वाईट वाटलं, ताट तसंच ठेवलं. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. बॉयही आला, ट्रेव्हर आला, त्याचे वडील आले.

"मेल," ती हळूच म्हणाली, "तू एक म्हणाला होतास ना?"

"एक? मी चार म्हणालो होतो!"

"चार? रेडिओ ऐकायचा राहिला, मला बॉयने दोन सांगितलं! आणि बॉय सांगेल त्याचं मी निम्मं करते. त्याने पकडलेला मासा आयुष्यात कधी सांगितला तेवढा निघालाय का?"

"मी रेडिओवर चार ऐकलं," बॉय म्हणाला. "पण मागच्या महिन्यात तुमच्या स्टेशनच्या बाईंनीच जाहीर केलं होतं ना, पर्यटकांसाठी यापुढे सगळे आकडे सरकारी मापाने देणार म्हणून? मी केलं निम्मं."

ते जाहीर झालं होतं खरं. बाईंनी मला सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. पण मान डोलावली म्हणजे ऐकलं, असं थोडंच असतं?

"चार कुठून आणलेस तू?" मोमीने विचारलं.

"आठाचे निम्मे! ट्रेव्हरनेच आठ वाचलं!"

सगळ्यांनी ट्रेव्हरकडे पाहिलं. त्याचं सोललेलं नाक आणखी लाल झालं. "मी... मी आधीच निम्मं करून सांगितलं होतं, डॅड. तुम्ही लोक हसता म्हणून."

मग व्हर्नन खाकरले. "तुमच्या सरकारी पानावर सोळा लिहिलं होतं. मी घरून निघतानाच वाचलं. पण म्हटलं, तुम्ही इथले, तुम्हाला जास्त कळत असणार."

मोमीचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. मी तिचा हात धरला, "मोमी, माझं चुकलं," वगैरे सुरू केलं. पाहतो तर ती हसत होती! हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "बाबांनी माझे पाय पाण्यापर्यंत नेले होते. हिच्यासाठी पाणीच आलं रे!"

तेवढ्यात डस्टिन ताट घेऊन बाहेर आला. "अंकल, चार सांगून दक्षिणेकडची गर्दी मस्त टाळलीत! पण ती टेबलं नेणारी लाट केवढी होती हो? मी पाठमोरा होतो."

बॉयने खांदे उडवले. "फार नव्हती."

"असेल दोनेक," मी म्हणालो.

डस्टिनने गंभीरपणे मान हलवली. मग ट्रेव्हरने आपल्या बुटातलं पाणी ओतलं, आतून निघालेला एक जिवंत खेकडा बाजूला ठेवला, आणि थोडा विचार करून म्हणाला, "मला तर... एकच वाटली."

पायरीवर जो जल्लोष झाला! बॉयने त्याला मिठी मारली, डस्टिनने पाठीवर थाप मारली. त्या क्षणी जावई आमचा झाला. लग्न नुसतं कागदावर झालं होतं.

सोमवारी सकाळी मी पुन्हा व्हरांड्यात बसलो. फोन लावला. स्वयंपाकघरातल्या रेडिओतून माझाच आवाज मला ऐकू येत होता. "अलोहा, उत्तर किनारा! गेल्या शनिवारी समुद्रात किंचित हालचाल होती. या आठवड्याचं सांगायचं तर..."

आतून खट्कन आवाज आला आणि माझा आवाज थांबला. मोमीने रेडिओ निम्मा केला नव्हता, पुरता बंद केला होता!